मी बाटली प्यालो नव्हतो

माझी मान मी हलवत नाही, ती हलते. एवढी साधी गोष्ट लोकांना समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि खरी गरज पडली त्या दिवशी कोणी ऐकलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. तुमच्या घरात कोणाचा डोळा, खांदा, मान अशी आपोआप उडत असेल आणि ‘सवय आहे, जाईल’ म्हणून तुम्ही सोडून दिलं असेल, तर हे वाचा. मी डॉक्टर नाही. बाभुळगावच्या एका कृषी केंद्रात बियाणं, खत आणि फवारणीचं औषध विकणारा साधा माणूस आहे. डोकं जरा गरम आहे, तेवढं सांभाळून घ्या.

झटका

तिसरी-चौथीत असताना आधी डोळे मिचकावणं सुरू झालं, मग खांदा उडायला लागला, मग मान. मान उजवीकडं अशी फेकली जायची की कट्ट असा आवाज शेजारच्या पोराला ऐकू जायचा. शिंक येण्याआधी नाकात होतं ना, तसं मानेत होतं. थोडा वेळ दाबून धरता येतं, पण मग ते दुप्पट जोरानं येतं. शाळेत माझं नाव पडलं मानमोड्या. एका गुरुजींनी तर ‘मलाच नाही म्हणतोस का?’ म्हणून कानाखाली ठेवून दिली. आमचे बाबा पक्के जयभीमवाले. अंगारा-धुपारा, बाहेरची बाधा असलं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, सरळ डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, “सवय आहे. मोठा झाला की जाईल.” मी मोठा झालो. ती सवयही माझ्याबरोबर मोठी झाली.

लग्नासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हाची गंमत सांगतो. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलीच्या मामानं विचारलं, “काय मग पाहुणे, पोरगी पसंत हाय ना?” नेमकी त्याच वेळी मान गेली. एकदा नाही, तीनदा. खोलीत सगळे माझ्याकडं पाहायला लागले. तेवढ्यात मुलगीच बोलली. “मामा, ते नाई म्हनून नाई राह्यले. त्यायची मानच तशी हाये. आल्यापासून पाहून राह्यली मी.” ती वंदना. माझ्या मानेकडं न पाहता माझ्याकडं पाहणारं ते पहिलं माणूस. लग्नाला मी लगेच होकार दिला, तोंडानं, मोठ्यानं.

चेहरा पाहून

ज्या वर्षांचं सांगतो आहे ती आमच्या जिल्ह्याची वाईट वर्षं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी उंच वाढायची आणि बोंड फोडलं की आत अळी. लोक फवारून फवारून थकले. कोणी फवारतानाच विषबाधा होऊन दवाखान्यात जायचा, कोणी तीच बाटली तोंडाला लावायचा. आमच्याकडं ‘औषध पेला’ एवढं म्हटलं की पुढं काही विचारावं लागत नाही.

म्हणून आमच्या दुकानात शेठजींनी आणि मी एक रीत पाडली होती. बाटली मागायला आलेल्या माणसाचा आधी चेहरा पाहायचा. एकटाच आला आहे, डोळे लाल आहेत, भाव विचारत नाही, कोणत्या पिकावर मारायचं तेही धड सांगत नाही, असा कोणी दिसला की ‘माल संपला’ म्हणायचं. त्याला चहा पाजायचा आणि त्याच्या गावचं कोणी येईपर्यंत बोलण्यात गुंतवून ठेवायचं. बरेच जण चिडायचे. “अरे भाऊ, फवाऱ्यासाठीच नेऊन राह्यलो ना!” मी ऐकून घ्यायचो नाही. मनात म्हणायचो, सगळेच असं म्हणतात. त्यातले किती खरं बोलत होते देव जाणे, पण मला माझ्या नजरेची घमेंड होती.

पाय माझे नव्हते

त्या पावसाळ्यात माझी बोटं बधिर व्हायला लागली. बियाण्याची पाकिटं हातातून सुटायची. शर्टाचं बटण लावायला एवढा वेळ लागायचा की मी बिनबटणांच्या बंडीवरच दुकानात जायला लागलो. एकदा पायातली चप्पल रस्त्यात निसटली आणि मला कळलंसुद्धा नाही, मागून येणाऱ्या म्हातारीनं हाक मारून दिली. मान खाली घातली की पाठीतून पार पायांपर्यंत करंट गेल्यासारखं व्हायचं. आणि झटके तर वाढतच चालले होते, कारण भीती वाटली की ते वाढतात. ते वाढले की मान आणखी खराब होते, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं?

कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, शुगर असेल. घरी गुमसुम बसायचो. एका संध्याकाळी वंदना तांदूळ निवडत होती, तिच्यासमोर मी बोलून गेलो, “पायच राह्यले नाई तं कायले जगावं मानसानं?” तिचा हात थांबला. “काय बोलून राह्यले तुमी?” मी म्हटलं, “काई नाई.” आणि विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीतून बाटल्यांचा खोका उचलून आणत होतो. मान गेली. असा झटका आयुष्यात कधी आला नव्हता. मानेपासून खाली सगळं लखकन पेटलं आणि विझलं. पाय माझे नव्हतेच. मी खोक्यासकट पडलो, बाटल्या फुटल्या, शर्ट भिजला, थोडं तोंडावरही उडालं. उठायला गेलो तर हात उठेनात. फक्त मान उडत होती, वेड्यासारखी.

शेठजी धावत आले. खाली मी, फुटलेल्या बाटल्या, तो उग्र वास, अंगाला झटके. ते तिथूनच ओरडले, “अरे गाडी काढा रे! दिलीपनं औषध पेलं!”

सगळेच असं म्हणतात

यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. रस्ताभर मी सांगत होतो, “शेठजी, मी पेलो नाई, मी पडलो.” शेठजी माझ्या तोंडावरून रुमाल फिरवत होते आणि रडत होते. “हो रे बाबू, हो. बोलू नको, दम घे.”

दवाखान्यात नर्सलाही तेच सांगितलं. तिनं अगदी प्रेमानं म्हटलं, “हो भाऊ, सगळेच असं म्हणतात.”

माझंच वाक्य. माझ्याच दुकानातलं.

मग नाकातून नळी घातली, पोट धुतलं. दोन माणसांनी डोकं दाबून धरलं होतं, कारण ते हलत होतं. त्यांना वाटत होतं विषानं हलतंय. डोकं मागं ओढलं तेव्हा दोन्ही हात खांद्यापासून मेले. मी ओरडलो तर म्हणाले, सहकार्य करा. त्या लोकांवर माझा राग नाही. त्या दिवसांत त्यांच्याकडं असेच झटके येणारे, असाच वास येणारे लोक गाड्या भरून येत होते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. दुकानात तेच तर करत होतो.

राग आला तो वंदनाचा. ती आली, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, “कालच म्हनत होते, कायले जगावं म्हनून.” मला वाटलं, संपलं. जिनं भरल्या खोलीत माझी मान ओळखली होती, तिलाच आज मी ओळखू येत नव्हतो. माय कोपऱ्यात बसून एकच घोकत होती, “काय कमी केलं रे बापू तुले? काय कमी केलं?” पोलीस जबाब घ्यायला आला. त्यालाही सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि लिहायचं ते लिहिलं. एक पुढारी डझनभर केळी घेऊन आला आणि दुःखी चेहऱ्यानं म्हणाला, “किती एकर पऱ्हाटी होती दिलीपभाऊ?” मी म्हटलं, “शेती नाही, दुकानात नोकरी करतो.” त्याचा चेहरा असा पडला की त्या अवस्थेतही मला हसू आलं. केळी मात्र ठेवून गेला.

दिवस ठरलेले. सकाळी लवकर अंग पुसायला मावशी, मग इंजेक्शन, मग डॉक्टरांची फेरी, मग भेटायला येणाऱ्यांची रांग. प्रत्येक जण हळू आवाजात समजवायचा, “असं करू नये बाप्पा.” मी उत्तर देणं सोडून दिलं. सलाइनच्या थेंबांकडं पाहत पडून राहायचो आणि पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करायचो. तो हलत नव्हता.

विष असतं तर एव्हाना एक तर बरा झालो असतो, नाही तर गेलो असतो. एका फेरीला मोठ्या डॉक्टरांच्या मागून एक तरुण डॉक्टरीण आल्या. त्या चेहऱ्याकडं पाहत नव्हत्या, पायांकडं पाहत होत्या. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली तर पाय लाथ मारल्यासारखा उडाला. तळव्यावर किल्लीनं रेघ ओढली. मग विचारलं, “बोटांना मुंग्या कधीपासून?”

“पावसाळ्यापासून.”

“आणि ही मान?”

“लहानपणापासून, मॅडम.”

त्यांनी हातोडी खिशात ठेवली. मग म्हणाल्या, “तुम्ही प्यायला नव्हतात, हो ना?” मी चाळिशीतला बाप्या, त्यांच्यासमोर हमसून रडलो.

फोटो

एमआरआय काढायचा म्हणजे हलायचं नाही. आता मला सांगता? मशीनवाला बाहेरून भोंग्यावर ओरडतोय, “भाऊ, हलू नका!” आणि मी आतून ओरडतोय, “मी नाही हलत, मान हलते!” शेवटी भूल देऊन फोटो काढला.

तो दिवस मी विसरणार नाही. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला आणि मानेच्या मणक्यांवर बोट ठेवलं. वर्षानुवर्षांच्या झटक्यांनी दोन मणक्यांमधल्या गाद्या झिजून मागं सरकल्या होत्या आणि आतली मोठी नस, जिच्यातून हात-पायांना हुकूम जातो, ती चेपली गेली होती. या झटक्यांच्या आजाराला टिक्स म्हणतात, हेही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फारच थोड्यांच्या बाबतीत हे इतक्या थराला जातं, असं ते म्हणाले. म्हटलं, नशीबवानच म्हणायचं.

“ऑपरेशन करावं लागेल, नागपूरला,” ते म्हणाले. “प्लेट बसवून मणके जोडावे लागतील. पण खरी परीक्षा नंतर आहे. हाड जुळेपर्यंत मान हलता कामा नये. जोराचे झटके बसले आणि स्क्रू निघाला, तर जे काही उरलंय तेही जाईल.”

वंदना शेजारी उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं. वाटलं, आता तरी म्हणेल, चुकलं माझं. ती म्हणाली, “नागपूरले कधी जावं लागन?”

नागपूर

ऑपरेशनच्या आधी मानेच्या स्नायूंत सुया दिल्या, ते ढिले पडावेत म्हणून. गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी झटके कमी झाले आणि माणूसही कमी झाला. जीभ जड, डोकं सुस्त, दिवसभर पेंग. ज्यांना या गोळ्या देतात त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, डोस बदलून मिळतो. मी बरेच दिवस सांगितलंच नाही, उगाच सोसत बसलो.

शुद्धीवर आलो तेव्हा गळ्याभोवती कडक कॉलर होती आणि मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे अंगठा हलवला. हलला. वंदनानं पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि बाहेर निघून गेली.

पण झटका कुठं गेला होता? कमी झाला होता, गेला नव्हता. आतून ती उबळ यायची, आणि आता प्रत्येक झटक्यात एक स्क्रू होता. वंदनाला ते माझ्याआधी कळायचं. झटका येण्याआधी माझी डावी पापणी फडफडते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक होतं. पापणी फडफडली की ती हातातलं टाकून यायची आणि दोन्ही तळव्यांत माझं डोकं धरायची. जोरानं नाही, नुसतं धरून ठेवायची. उबळ खांद्यात उतरून निघून जायची. जेवताना, बोलताना, डुलकी घेताना, तिचे हात तयारच असायचे. तिच्या मनगटाला सूज आली तरी बाई हटली नाही.

मायनं एक काम केलं. दवाखान्याची उशी मानेला टोचायची, म्हणून तिनं शेजाऱ्याच्या शेतातला अळीनं किडलेला, पिवळट कापूस आणला. त्याला बाजारात कोणी विचारत नव्हतं. घरी बसून सरकी काढली, पिंजला आणि माझ्या मानेच्या मापाची एक लोळी, म्हणजे गोल लांबट उशी, शिवली. त्या लोळीवर मी पहिल्यांदा पोटभर झोपलो.

लपवलेल्या वस्तू

घरी आलो आणि पाहिलं, माझ्या दाढीचं सामान आरशाखाली नाही. संडासातली फिनाइलची बाटली नाही. दोरीवर वाळत घालायची साडी नाही, दोरीच नाही. ढेकणाचं औषधसुद्धा गायब. दाढी करायला न्हावी घरी येऊ लागला आणि तो गेला की वंदना त्याच्यामागं फाटकापर्यंत जायची, काही विसरला तर नाही ना ते पाहायला.

माझं डोकं फिरलं. “अवं, फोटो पाह्यला ना तू? डॉक्टरनं सांगतलं ना? मी पेलो नव्हतो! मग हे काहून?”

“असू द्या,” ती म्हणाली. “तुमी जेवा.”

“माह्यावर भरोसा नाई तुहा?”

“जेवा म्हनलं ना.”

भांडलो असतो, पण भांडताना मान उडते. त्या दिवसांत आमच्या घरात भांडणसुद्धा सांभाळून करावं लागायचं. मी आठवडाभर तिच्याशी धड बोललो नाही. ती मात्र पापणी फडफडली की यायची, डोकं धरायची आणि काही न बोलता परत जायची.

आता जे सांगतो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. पण तुमच्यापैकी कोणी आज तसा कॉलर घालून खुर्चीत बसला असेल, म्हणून सांगतो. एका दुपारी घरात मी एकटा होतो. फिजिओथेरपीवाल्यांनी मऊ चेंडू दिला होता, तो बोटांत धरवत नव्हता, सारखा पडत होता. उचलायला वाकताही येत नव्हतं. चेंडू पलंगाखाली गेला. आणि एकाएकी मनात आलं, बास. मी उठलो, भिंतीला धरत धरत संडासापर्यंत गेलो. फिनाइलची बाटली असायची त्या फळीवर हात फिरवला. फळी रिकामी होती. आरशाखाली पाहिलं. तिथंही काही नव्हतं. मी तिथंच उभा राहिलो, रिकाम्या फळीसमोर. बाहेर शेजारीण कोणाला तरी हाक मारत होती. थोड्या वेळानं वंदना तिच्या अंगणवाडीच्या कामावरून मधेच घरी आली. तिनं मला तिथं उभं पाहिलं. हाताला धरून खुर्चीत बसवलं, पलंगाखालून चेंडू काढला, धुतला आणि माझ्या मुठीत ठेवून वरून स्वतःची मूठ आवळली. त्या दिवशी ती अंगणवाडीत परत गेलीच नाही.

पुढच्या तपासणीला मी नागपूरच्या डॉक्टरांना ते सांगितलं. सांगायला लाज वाटली, पण सांगितलं. त्यांनी गोळी बदलली आणि बोलायला दुसऱ्या एका डॉक्टरांकडं पाठवलं. तुम्हीही सांगा. मणक्याइतकंच तेही दुखणं आहे.

आरसा

हाड जुळल्याचं कळलं त्या दिवशी थंडी होती. डॉक्टरांनी कॉलर काढली, फोटो पाहिला आणि म्हणाले, “छान बसलंय. आता ही मान फार वळणार नाही, पण मोडणारही नाही.” मी काठी घेऊन स्वतःच्या पायांनी एसटीत चढलो.

बस कळंबच्या पुढं आली. दोन्ही बाजूंना वेचणी झालेली पऱ्हाटी काळी पडली होती. वंदना खिडकीशी बसली होती. ती बाहेर पाहतच म्हणाली, “एक इचारू? खरं सांगजा.”

“इचार.”

“त्या दिवशी, दुकानात, तुमी खरंच नव्हते ना पेले?”

जन्मभर माझी मान विचारल्याशिवाय नाही म्हणत आली. आज नाही म्हणायचं होतं आणि ती वळत नव्हती. मी अख्खं अंग तिच्याकडं वळवलं.

“नाई. त्या दिवशी नाई पेलो. खोका घेऊन पडलो मी.” आता थांबायचं नव्हतं. “पन नंतर, त्या चेंडूच्या दिवशी... फळीवर बाटली असती तं सांगता नसतं आलं.”

माझा बधिर हात तिनं मांडीवर घेतला.

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. “म्हनूनच तं लपवलंतं. तुमी नाई का दुकानात लोकायचा चेहरा पाहून बाटली देत?”

बाभुळगाव येईपर्यंत तिनं हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आरशाखाली दाढीचं सामान होतं. ब्रश, साबण आणि वस्तरा, पहिल्यासारखं. मी चेहऱ्याला फेस लावला. गालाची बाजू दिसेना, कारण मान वळत नव्हती. वंदना चुलीवरचा चहा उतरवून आली, तिनं खिळ्यावरचा आरसा काढला आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

“करा,” ती म्हणाली. “मी फिरवते आरसा.”